पाचांमुखी परमेश्वर, एकामुखी शिट्टी

कुस्तीचा पंच व्हायला कुस्ती यावी लागते, असा लोकांचा एक गैरसमज आहे. तो मी स्वतः खोटा पाडलेला आहे. उभ्या आयुष्यात मी एकच कुस्ती खेळलो. तिसरीत असताना, थोरल्या बहिणीशी, गुळाच्या खड्यावरून. तिचा निकाल आईनं दिला. दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घातला आणि गूळ डब्यात टाकला. इतका निःपक्षपाती पंच त्यानंतर माझ्या पाहण्यात नाही.

तरीही १९८५ सालच्या चैत्रात, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, एका गावच्या जत्रेत मानाच्या कुस्तीचा पंच म्हणून मी आखाड्यात उभा राहिलो. त्या गावी मी शाळामास्तर होतो. माझी निवड तीन गुणांवर झाली. पहिला, माझ्याकडे कवायतीची शिट्टी होती. दुसरा, माझ्या मनगटावर चालणारं घड्याळ होतं. गावात घड्याळं आणखीही होती, पण ती लग्नात मिळालेली. आणि लग्नातलं घड्याळ जावयासारखं असतं. मिरवतं, काम करत नाही. तिसरा आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे मी परगावचा होतो. गावात मला भाऊबंद नव्हते, बांध नव्हता, आणि बांध नाही म्हणजे भांडण नाही. "गुरुजींना कुणाचं काय घेणं-देणं न्हाई," असं सरपंचांनी चारचौघांत जाहीर केलं. हे तितकंसं खरं नव्हतं. आठवड्यातून दोनदा मी त्यांच्याच घरी जेवत होतो.

त्या कुस्तीचं काय झालं ते सांगणार आहे. पण आधी थोडा इतिहास सांगतो. अडचणीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं जिवावर आलं, की मास्तर इतिहास सांगायला लागतो, हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. वाचकांनाही आता ठाऊक झालं.

तर, पंच. या शब्दाच्या पोटातच मुळी पाच माणसं बसलेली आहेत. एकट्याची अक्कल कमी पडेल, एकट्याचं मन कुठं तरी गुंतलेलं असेल, म्हणून पाचजण बसवायचे. मग पाचांमुखी परमेश्वर बोलतो, अशी आपल्या वाडवडलांची समजूत. आखाड्यात मात्र या पाचांचा एकच झाला. का झाला? तर हौद्यात पाचजण उतरले तर पैलवानांना कुस्ती खेळायला जागा कुठं राहणार? चौघे बाहेर बसले, पाचवा आत गेला. परमेश्वर बहुधा बाहेरच्या चौघांबरोबर राहिला असावा. आत फक्त शिट्टी गेली.

मातीतल्या कुस्तीचा कायदा एका ओळीचा आहे. पाठ लागली की कुस्ती संपली. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत. दिलेल्या वेळात निकाल लागला नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवायची आणि इनाम वाटून द्यायचं. आता एका ओळीच्या कायद्यात भांडणाला जागा ती किती असणार? पण हौद्यातली ताक, तेल, हळद घातलेली माती अंगाला लागलेले दोन गडी एकमेकांत असे गुंततात की कुठला हात कुणाचा आणि कुठला पाय कुणाचा, हे त्यांच्या आयांनासुद्धा सांगता येऊ नये. त्यात दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले, की एक टेकला आणि दुसरा बोटभर वर राहिला, हे पंचानं डोळ्याचं पातं लवतंय न लवतंय तोच बघायचं. भोवती हलगी कडाडत असते. आणि कडेनं बसलेल्या दोन हजार माणसांना, प्रत्येकाला आपापल्या जागेवरून, पंचापेक्षा जास्त स्पष्ट दिसलेलं असतं.

लोकांना पंच चुकल्याचा राग येतो, यात नवल नाही. पण त्याहून मोठा राग नूरा कुस्तीचा. आधीच ठरवून केलेल्या कुस्तीला हे नाव आहे. पैलवान ठरवून खेळले तर ती नूरा, आणि पंच ठरवून बघायला लागला तर? त्याला आमच्याकडे नाव नाही. म्हणजे शिव्या आहेत, नाव नाही.

पुढं या कारभाराला शिस्त लागावी म्हणून १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली आणि दिनकर दह्यारी पहिले केसरी झाले. मानकऱ्यांची ती यादी आजही पैलवानांची पोरं पाढ्यासारखी म्हणतात. तिच्यात काही वर्षांपुढं नावच नाही, निकालच लागला नाही. मास्तर म्हणून मला त्या रिकाम्या जागांचं फार कौतुक वाटतं. कळलं नाही तर नाही म्हणायचं आणि जागा कोरी सोडायची, हे मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलो. पण त्या जागी काही तरी खरडल्याशिवाय एकाही पोरानं कधी पेपर दिला नाही.

१९८२ साली ही स्पर्धा खुद्द बीडला आली. आमच्या गावच्या तालमीचे वस्ताद आणि मी एसटीनं गेलो. संभाजी पाटील त्या वर्षी महाराष्ट्र केसरी झाले. हे मी डोळ्यांनी पाहिलं असं म्हणायला हरकत नाही. फक्त मधे एक फेटा होता. माझ्या पुढं बसलेल्या गृहस्थांचा तो फेटा इतका ऐसपैस होता की सगळ्या कुस्त्या मला त्याच्या डावीकडून सुरू झालेल्या आणि उजवीकडून संपलेल्या दिसल्या. मधला डाव कुठला, हे वस्ताद सांगायचे. "ढाक लावली, गुरुजी!" की मी टाळ्या वाजवायचा. येताना वस्ताद म्हणाले, "पंच लई चोख व्हते." मी म्हटलं, "अगदी चोख." अर्धी कुस्ती बघून पंचाला प्रशस्तिपत्र देण्याचा माझा तो पहिला प्रसंग. अर्धी कुस्ती बघून निकाल देण्याचा प्रसंग तीनच वर्षांनी आला.

पण इतिहास अजून संपलेला नाही.

खाशाबा जाधवांचं नाव आपण घेतो ते १९५२ च्या हेलसिंकीच्या कांस्यपदकासाठी. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी. त्याला परदेशी पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या आधीची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी खाशाबांची तक्रार होती. आता एक गुण म्हणजे काय? आमच्या शाळेत पास-नापासाच्या रेघेवरच्या पोराला आम्ही असे गुण खिशातून काढून देतो. पण तो एक गुण खाशाबांना ऑलिंपिकपासून तोडत होता. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी मद्रासचा पंच खरा की खोटा याचा खल केला नाही. त्यांनी पुन्हा जोड लावायची सोय केली. खाशाबांनी बघता बघता समोरच्याला चीत केलं. पाठ लागली, प्रश्न मिटला.

आणि खुद्द हेलसिंकीला? तिथं जपानच्या इशीशी लांबलेली झुंज खेळून खाशाबा थकले होते. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या ममेदबेकोवसमोर उभं केलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो नियम मागायला तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबा हरले. इशीला सोनं, ममेदबेकोवला चांदी, खाशाबांना कांस्य. म्हणजे मद्रासला दाद मागितली आणि मिळाली. हेलसिंकीला कुणी मागितलीच नाही. नियम पुस्तकात असला तरी तो मोठ्यानं म्हणायला एक माणूस लागतो. पुस्तकाला तोंड नसतं.

हे आपल्याकडंच चालतं असं समजून कुणी लाजायचं कारण नाही. मुष्टियुद्धात तर सगळ्यात वजनदार गड्यांच्या लढतींना लाखांनी माणसं आणि कोटींनी पैसा लागतो, म्हणजे पंचही तसाच वजनदार लागत असणार, अशी माझी भाबडी समजूत होती. २२ सप्टेंबर १९२७ ला शिकागोला डेम्प्सी आणि टनी यांची जगज्जेतेपदाची लढत झाली. सातव्या फेरीत डेम्प्सीनं टनीला आडवा केला. नियम असा की पाडणाऱ्यानं आधी दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, मग पंचानं दहा आकडे मोजायचे. डेम्प्सी तिथंच उभा. पंच त्याला म्हणतोय, कोपऱ्यात जा. हा जात नाही. तो गेल्यावर पंचानं एकापासून मोजायला घेतलं. नवाला टनी उठला, आणि शेवटी लढतही तोच जिंकला. खाली तो तेरा-चौदा सेकंद पडून होता, असं लोक आजही घड्याळ लावून सांगतात. पंच नियमानं वागला होता. तरी जवळजवळ शंभर वर्षं त्याच्या मोजण्याची मोजदाद चालू आहे. आमच्या शाळेत हजेरी घेताना मी एखादा आकडा दोनदा म्हटला, तर कुणी ब्रही काढत नसे.

मग एकाच्या जागी पाच बसवले तर? १९८८ च्या सोल ऑलिंपिकला मुष्टियुद्धाला पाच परीक्षक होते. अमेरिकेच्या रॉय जोन्सनं कोरियाच्या पार्कला छ्याऐंशी ठोसे मारले, पार्कनं त्याला बत्तीस. निकाल पार्कच्या बाजूनं, तीन विरुद्ध दोन. त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून पुन्हा जोन्सलाच गौरवलं! पाचांमुखी परमेश्वर बोलतो खरा. पण त्या दिवशी तो दोघांच्याच तोंडी आला आणि बाकीच्या तिघांनी त्याला मतदानात पाडला. पुढच्या ऑलिंपिकपासून गुण मोजायला बटणांचं यंत्र आलं. बटण दाबायला बोटं मात्र माणसांचीच राहिली.

१९९९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला लुईस आणि होलिफिल्ड लढले. हे दोघेही हेवीवेट, म्हणजे उचलून आपटायचे म्हटले तर क्रेन लागावी असे. लुईसनं लढत मारली हे बहुतेक सगळ्यांना दिसलं. तिघांपैकी एका परीक्षकाला होलिफिल्ड पुढं दिसला, एकाला लुईस, आणि तिसऱ्याला दोघं सारखे. लढत बरोबरीत. ओरड झाली, आणि त्याच नोव्हेंबरात पुन्हा जोड लावली. लुईस जिंकला. पतियाळाचा उपाय न्यूयॉर्कलाही लागू पडला, याचा मला उगाच अभिमान वाटला.

आणि अलीकडचं तर आपण सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं आहे. आता मॅटच्या कुस्तीला एक पंच आत, एक कडेला आणि एक टेबलाशी असतो. दाद मागायची तर प्रशिक्षक मऊ ठोकळा आत टाकतो आणि चित्रफीत परत फिरवतात. तरी जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरल्या टांगेचे चार गुण दिले, ते बरोबर की चूक यावर महाराष्ट्र दोन तटांत उभा फाटला. सोयाबीनच्या भावावर एकमत न होणारी माणसं यावर पण एकमत होईनात. पंचांना धमकीचा फोनही गेला. सिकंदर काय करणार? तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फुलगावला पुन्हा उतरला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत अंतिम कुस्ती मारून केसरी झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षेला चीत दिलं. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्यानं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. पुढं चौकशी झाली आणि पंचावरही निलंबनाची कारवाई झाली. निकाल होता तोच राहिला. पंचाला लाथ मारण्याचं समर्थन मी करणार नाही. मी स्वतः पंच होतो. पण ती बातमी वाचताना माझा हात आपोआप आपल्या मनगटाकडं गेला.

आता मात्र इतिहास संपला. सांगतो.

१९८५ च्या चैत्रात ऊसतोडीला गेलेली निम्मी वस्ती परत आली होती. म्हणून तर आमच्याकडच्या जत्रा चैत्रात रंगतात. त्याआधी गावात असतंच कोण? म्हातारी माणसं, शेळ्या आणि मास्तर. रेवड्यांच्या कुस्त्या झाल्या, नारळांच्या झाल्या, आणि शेवटी मानाची जोड लागली. इनाम एकशे एक रुपये आणि फेटा. एकीकडं सरपंचांचा पुतण्या, दूध-बदामावरचा. दुसरीकडं एका ऊसतोड कामगाराचा एकोणीस वर्षांचा पोरगा. तो कारखान्यावरून आठच दिवसांपूर्वी आलेला. कोयत्यानं हाताला घट्टे पडलेले. अंग म्हणाल तर नुसती तुराटी, पण चिवट.

पंधरा मिनिटांची वेळ ठरली होती आणि वेळ बघायची जबाबदारी माझ्यावर होती. खडाखडी लांबली. लोक कंटाळून ओरडायला लागले. मला वाटलं, वेळ संपत आली असावी. म्हणून मी घड्याळात बघितलं. साडेतेरा मिनिटं झाली होती. एवढं बघायला किती वेळ लागतो? लोकांनी एकदम गलका केला म्हणून मान वर केली, तर दोघं जमिनीवर, वर सरपंचांचा पुतण्या, खाली तो पोरगा. पाठ लागलेली. मी शिट्टी मारली आणि पुतण्याचा हात वर केला.

खरं काय झालं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. कारण गलका दोनदा झाला होता. पहिला, पोरानं ढाकेवर पुतण्याला स्वच्छ चीत केलं तेव्हा. कुस्ती तिथंच संपली होती. त्यानं पकड सोडली, पंचाकडं बघायला मान वळवली, तेवढ्यात पुतण्यानं त्याला उलटा घेतला. तेव्हा दुसरा. पहिल्या गलक्याला मी घड्याळात होतो.

हलगी वाजायला लागली. सरपंचांच्या माणसांनी पुतण्याला खांद्यावर घेतलं. समोरच्या गर्दीत ऊसतोडीवाल्यांच्या बाजूला काही ओरड झाली, पण ती माणसं दसऱ्याला पुन्हा उचल घेऊन जाणारी; त्यांच्या ओरडण्याला किती जोर असणार? पोरगा माझ्याजवळ आला. ओरडला नाही. हळूच म्हणाला, "गुरुजी, तुमी बघत नव्हता."

त्या वेळी मला तीन गोष्टी करता आल्या असत्या. माझं चुकलं म्हणता आलं असतं. कुस्ती बरोबरीत सोडवता आली असती. निदान पुन्हा जोड लावा म्हणता आलं असतं. पतियाळाच्या महाराजांना सुचलं ते मास्तराला सुचायला हरकत नव्हती. मी चौथी गोष्ट केली. छाती पुढं काढली आणि म्हणालो, "पंचाचा निर्णय अंतिम असतो."

त्या दिवशी संध्याकाळी मी सरपंचांकडं जेवायला गेलो नाही. पोट बिघडलंय म्हणून निरोप पाठवला. एवढाच काय तो माझा प्रामाणिकपणा. पुढच्या दसऱ्याला तो पोरगा ट्रकमध्ये बसून कारखान्यावर गेला. माझ्यामुळं गेला असं नाही; एकशे एक रुपये मिळाले असते तरी गेलाच असता. पण जाताना त्यानं लंगोट तालमीत वस्तादांच्या खुंटीला टांगला, तो नंतर कधी काढला नाही, असं वस्ताद सांगायचे. आणि मी पंच होतो म्हणून नाही, तर आपला मित्र म्हणून सांगायचे. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. की होतं?

यानंतर तेहतीस वर्षांनी, १२ एप्रिल २०१८ ला, आमच्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सत्तावन्न किलोत सोनं मारलं. (पुढच्या वर्षी त्यानं जागतिक स्पर्धेतही कांस्य मिळवलं.) मी तेव्हा सेवानिवृत्त होऊन पाटोद्यालाच राहत होतो. गावात फटाके, गुलाल, पेढे. चहाच्या टपरीवर कुणीतरी मला पेढा दिला. बघतो तर तोच. केस पांढरे, अंग तसंच तुराटीचं.

"वळखलं का, गुरुजी?"

ओळखलं होतं. पेढा तोंडात होता म्हणून बरं, नाहीतर मी पुन्हा इतिहासच सांगायला लागलो असतो. पेढा गिळला आणि म्हणालो, "त्या कुस्तीत माझं चुकलं होतं. मी घड्याळ बघत होतो."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला ठावं व्हतं. मी तुमच्याकडंच तर बघायलो व्हतो. तिथंच घात झाला." मग हसला. "पर गुरुजी, ह्ये त्याच दिशी बोलला असता तर, पैसं जाऊ द्या, मला वाटलं असतं की झालं त्ये कुणीतरी बघितलं."

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्यानंच विषय बदलला. त्याचा नातू तालमीत जात होता. पुढच्या चैत्रात जत्रेत त्याची पहिली कुस्ती होती, रेवड्यांची. "पंच म्हून तुमीच या," तो म्हणाला. "घड्याळ तेवढं घरी ठिवा."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण २०१९ च्या चैत्रात खरोखरच माणूस पाठवून बोलावणं आलं. मी गेलो. घड्याळ काढून टेबलावर ठेवून गेलो. बायकोला वाटलं बिघडलं, तिनं ते दुरुस्तीला टाकलं. नातू दहा वर्षांचा, आजोबासारखाच. समोरचा पोरगा त्याच्याहून जड. मी डोळ्यांची पापणी न लववता बघत होतो. इतका की डोळ्यांना पाणी आलं. दोन मिनिटांत नातू चीत झाला. स्वच्छ. दोन्ही खांदे, एकाच वेळी. मी गुडघ्यावर बसून, मातीला नाक लावून बघितलं. दुसऱ्या पोराचा हात वर करताना माझाच हात थरथरत होता. तेहतीस-चौतीस वर्षांनी त्या घरात पुन्हा एक हार मीच देत होतो.

आजोबा हौद्याच्या कडेला बसला होता. नातू रडत त्याच्याकडं गेला. त्यानं त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "रडू नगस. हारलास, पर खरा हारलास." आणि पदरच्या रेवड्या काढून आधी नातवाला दिल्या, मग मला.